माझं फावडं माझ्यासाठी नाही

हिवाळ्यात शनिवारी पहाटे घरातून निघताना आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. मी म्हणते, "चालू कर." नवरा म्हणतो, "अगं, दावोसला उतरल्यावर करू की." मग मी काही न बोलता बूट घालून दारात उभी राहते. तो सुस्कारा टाकतो, जॅकेटची चेन उघडतो, छातीवरच्या पट्ट्यात अडकवलेलं साबणाच्या वडीएवढं एक यंत्र चाचपडतो आणि त्याची कळ सरकवतो. 'पीप'. मग आम्ही ट्रेन पकडायला पळतो.

त्या यंत्राचं नाव ट्रान्सीव्हर. स्वित्झर्लंडमध्ये ते घरी चालू करायचं आणि संध्याकाळी परत आल्यावरच बंद करायचं, असा शिरस्ता आहे. कारण डोंगरावर पोहोचेपर्यंत थंडी, घाई आणि गप्पा यांत माणूस नेमकं तेच विसरतो. तीन वर्षांपूर्वी आमच्यात हा वाद नव्हता. आम्ही दोघंही ते यंत्र सीटबेल्टसारखं घालत होतो. घातलं, संपलं. ते सीटबेल्टसारखं अजिबात नाही, हे मला कळलं त्याची ही गोष्ट.

मी मूळची मंचरची. बर्फ म्हणजे फ्रीजमधला किंवा सिनेमातल्या गाण्यांतला. कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर भटकले. हरिश्चंद्रगड, रतनगड, पावसाळ्यात भीमाशंकर. त्यामुळे नोकरीसाठी झुरिकला आल्यावर 'डोंगर आपल्याला येतो' असा थोडा माज होता. पहिल्या हिवाळ्यात तो उतरला. सत्ताविसाव्या वर्षी मी स्कीवर उभं राहायला शिकत होते आणि चार-पाच वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सुर्रकन निघून जात होती. नवऱ्याला मात्र ते लगेच जमलं. दोन हिवाळ्यांत तो आखलेल्या उतारांना कंटाळला. त्याला पलीकडचा, कुणी न तुडवलेला, भुसभुशीत बर्फ खुणावू लागला.

इथं एक फरक सांगायला हवा. लिफ्टने वर जाऊन ज्या उतारांवरून लोक खाली येतात, ते उतार रोज तपासलेले असतात. धोकादायक बर्फ सकाळीच स्फोट करून पाडलेला असतो आणि काही झालं तर मदत करणारी माणसं तिथंच असतात. त्यापलीकडे गेलात की यातलं काहीही नाही. तिथं स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे स्की मागे घसरत नाहीत. तास-दोन तास, कधी चार तास चढायचं. मग पट्ट्या काढून, पाच-दहा मिनिटांत, खाली यायचं. हा उद्योग हास्यास्पद वाटतो हे मला मान्य आहे. पण पहाटेच्या निळ्या उजेडात, आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत चढताना मला सह्याद्रीतल्या जुन्या वाटा आठवल्या आणि मीही अडकले.

तिथं जायचं तर तीन वस्तू जवळ हव्यातच, असं दुकानदाराने सांगितलं. ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. प्रोब म्हणजे तंबूच्या दांड्यासारखी घडीची काठी, झटकली की अडीच-तीन मीटर लांब होणारी. फावडं अ‍ॅल्युमिनियमचं, दांडा वेगळा करून पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारं. तिन्ही वस्तू घेतल्या, दोघांच्या मिळून सहा. घरी येऊन आरशासमोर घालून फोटो काढला आणि आईला पाठवला.

आईचा लगेच फोन. "हे कशाला?"

मी हिमस्खलन समजावून सांगू लागले. उतारावर बर्फाचे थर एकावर एक बसतात. त्यात मध्येच एखादा थर कच्चा राहतो, साखरेच्या दाण्यांसारखा, एकमेकांना न धरणारा. वरून माणसाचं वजन पडलं की तो थर मोडतो आणि त्याच्यावरचा अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो.

आईने मध्येच थांबवलं. "म्हणजे माळीणसारखं."

माळीण आमच्याच तालुक्यातलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचून गाव गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. बातमी बाहेर कशी आली, ते आमच्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. एसटी घेऊन आलेल्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना. चिखलाचा आणि बर्फाचा कारभार वेगळा आहे, तिथे झोपलेली माणसं होती आणि इथे आम्ही हौसेने जातो, हे सगळं मी आईला सांगू शकले असते. पण ती पुढचं विचारून मोकळी झाली होती. "मग तिथं तुम्हाला शोधायला कोण येतं?"

"हेलिकॉप्टर येतं, आई. 1414 वर फोन करायचा."

"किती वेळात?"

मी म्हटलं, "येतं लवकर."

तेव्हा मला एवढंच माहीत होतं. खरं उत्तर पुढे अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तासाला मिळालं. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जगतात. अर्धा तास झाला की दहांतले तीनच. हे आकडे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले, स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेले. त्याआधी पंधरा मिनिटं असं शिकवायचे, आता ती मुदत आणखी आवळली आहे. अडकलेला माणूस बहुतेक वेळा गारठून मरत नाही, गुदमरून मरतो. बर्फात हवा भरपूर असते, पण आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडापाशी साचत जातो आणि उच्छ्वासाच्या वाफेचा तोंडासमोर बर्फाचा मुखवटा तयार होतो.

हेलिकॉप्टर कितीही तत्पर असलं तरी फोन लागणं, जागा सांगणं, उड्डाण, उतरणं यात दहा मिनिटं उलटून जातात. तेव्हा आईच्या प्रश्नाचं उत्तर असं की, शोधायला कुणी 'येत' नाही. जो आधीपासून बरोबर असतो, तोच शोधतो.

माणसाने यावर फार पूर्वीपासून डोकं चालवलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधले लोक कमरेला लांबलचक लाल दोरी बांधून ती मागे सोडत उतरत. गाडले गेलोच तर दोरीचं एखादं टोक वर राहील आणि कुणीतरी ती ओढत आपल्यापर्यंत येईल, ही आशा. 1968 च्या सुमाराला अमेरिकेत जॉन लॉटन यांनी या कामासाठी पहिलं रेडिओ उपकरण बनवलं. पुढे सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना ऐकू शकावीत म्हणून 457 किलोहर्ट्झ ही एकच वारंवारिता ठरली. आज जपानमध्ये घेतलेलं यंत्र गुलमर्गमध्ये गाडल्या गेलेल्या माणसाचा आवाज ऐकतं. 1997 मध्ये पहिलं डिजिटल यंत्र आलं, ज्यात बाण आणि आकडे दिसू लागले. तोवर नुसत्या कानाने, आवाज वाढतो की कमी होतो यावरून शोधावं लागे.

स्वीडनमध्ये 1973 साली हिमस्खलनात मित्र गमावलेल्या मॅग्नस ग्रॅनहेड यांनी आणखी एक गोष्ट केली. बॅटरी नसलेला, कपड्यात शिवता येणारा छोटासा परावर्तक. त्याचं नाव रेको. माझ्या जॅकेटच्या बाहीवर तो होता आणि कित्येक महिने मी त्याच्या भरवशावर निश्चिंत होते. तो परावर्तक स्वतः काहीच पाठवत नाही. बचाव पथकाकडचं खास यंत्र त्याच्यावर लहरी मारतं, तेव्हा तो उत्तर देतो. म्हणजे ते यंत्र घेऊन कुणीतरी येईपर्यंत तो गप्प.

ट्रान्सीव्हर गप्प नसतो. दिवसभर छातीवर बसून सेकंदाला साधारण एकदा 'मी इथे आहे' असं सांगत राहतो. पण ते कुणाला ऐकू जातं? बरोबरच्या माणसांच्या यंत्रांना, तेही त्यांनी स्वतःची यंत्रं पाठवण्यावरून शोधण्यावर वळवली तरच. मी अंगावर घातलेल्या ट्रान्सीव्हरचा मला स्वतःला, गाडले गेल्यावर, काडीचाही उपयोग नाही. माझं फावडं माझ्यासाठी नाही, माझी प्रोब माझ्यासाठी नाही. माझं सगळं सामान नवऱ्यासाठी आहे आणि त्याचं माझ्यासाठी. आरशासमोर फोटो काढताना हे डोक्यात आलं नव्हतं.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. शिक्षिकेने एका जुन्या सॅकमध्ये चालू ट्रान्सीव्हर ठेवून ती मीटरभर खोल पुरली होती. कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं. एकेकाने शोधायचं, बाकीच्यांनी बाजूला उभं राहायचं. माझी पाळी आली. घड्याळ सुरू.

मी यंत्र शोधण्यावर वळवलं आणि पळत सुटले. पळताना यंत्र हलतं, आकडे उड्या मारतात. बाण सरळ रेषेत नेत नाही, कारण चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वाकड्या असतात. तो तुम्हाला कमानीसारखं वळवत नेतो आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं, यंत्र बिघडलं. पन्नास, बेचाळीस, सत्तेचाळीस. मग माझ्या लक्षात आलं की फोन जॅकेटच्या वरच्या खिशातच आहे. ट्रान्सीव्हर पाठवत असताना फोन आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू किमान वीस सेंटिमीटर दूर ठेवायच्या, शोधत असताना पन्नास. नाहीतर यंत्राला भलतंच ऐकू येतं. 'फोन जवळ ठेव गं' असं आई दर शुक्रवारी बजावते, तोच फोन. तो काढून सॅकमध्ये टाकला. आकडे सरळ उतरू लागले. तीस, बावीस, चौदा, आठ, तीन. मी विजयी मुद्रेने मान वर केली.

समोर माझा नवरा उभा होता, थर्मासच्या झाकणातून चहा पीत.

तो आपलं यंत्र शोधण्यावर वळवायला विसरला होता. सहा मिनिटं खर्च करून मी एका जिवंत, कोरड्या, चहा पिणाऱ्या माणसाला शोधून काढलं होतं. सगळे हसले. मीही हसले. शिक्षिका हसली नाही. घड्याळही तिने थांबवलं नाही.

पुढे खरी जागा सापडली. आकडा तीनच्या आत आला की यंत्र बर्फालगत धरून अधिकच्या चिन्हासारखं फिरवायचं, सगळ्यात लहान आकडा जिथे येईल तिथून प्रोब खुपसायला सुरुवात करायची, वीत-वीत अंतराने बाहेर सरकत. काठी मऊ काहीतरी लागून थांबली की ती तिथेच सोडायची. आणि मग खणायचं. हे खणणंच सगळ्यात जास्त वेळ खातं. सरकून थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, ओल्या सिमेंटसारखा आळून बसतो. त्याचा एक घनमीटर सहज तीनशे-चारशे किलो भरतो. सरळ खाली खड्डा केला तर काढलेला बर्फ परत आत पडतो, म्हणून उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत जायचं. हे मला ऐकून माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. सॅक बाहेर आली तेव्हा माझे दंड थरथरत होते.

"एकवीस मिनिटं," शिक्षिका म्हणाली. तिने वहीत लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

दहाच्या पलीकडे आणि तीसच्या अलीकडे, नेमकं जिथे आलेखाची रेघ कड्यासारखी कोसळते तिथे, माझा आकडा होता.

परतीच्या प्रवासात नवऱ्याने फोनवर मला एक फोटो दाखवला. "मी ही घेणार आहे." ती एअरबॅगची सॅक होती. खांद्याच्या पट्ट्यावरची मूठ ओढली की दोन-तीन सेकंदांत सॅकमधून मोठा फुगा बाहेर येतो. किंमत हजार फ्रँकांच्या वर. त्याच्यापुरता प्रश्न त्याने सोडवला होता. गाडलंच जायचं नाही, म्हणजे शोधण्याची भानगड नाही.

ही कल्पना खरोखर चांगली आहे. फरसाणाचा डबा हलवून बघा. मोठ्या पापड्या आणि गाठी वर येतात, शेव आणि चुरा तळाशी जातो. वेगवेगळ्या आकारांचे तुकडे एकत्र घुसळले गेले की मोठा तुकडा वर राहतो. वाहतं हिमस्खलनही तसंच, लहानमोठ्या ढेकळांचं. फुग्यामुळे माणूस मोठा तुकडा होतो. या विचाराचं मूळ बव्हेरियातल्या एका वनरक्षकाच्या अनुभवात आहे, असं सांगतात. खांद्यावर शिकार घेऊन जाताना तो हिमस्खलनात सापडला आणि त्या बोज्यासकट पृष्ठभागावरच राहिला. पीटर अशाउअर या जर्मन उद्योजकाने 1980 च्या दशकात त्या कल्पनेची बॅग बनवली.

तिचा उपयोग मोजलाही गेला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हिमस्खलनात नीट सापडलेल्या लोकांपैकी फुगा न उघडलेले 22 टक्के दगावले, उघडलेले 11 टक्के. धोका निम्मा, हे मोठंच काम. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. दर पाचांपैकी एकाची बॅग उघडलीच नव्हती आणि त्यातही मोठं कारण यंत्राचा बिघाड हे नव्हतं. माणसाने मूठ ओढलीच नव्हती. पायाखालची जमीन सरकते तेव्हा हात आपोआप बरोबर जागी जात नाही. शिवाय फुगा झाडावर आपटण्यापासून वाचवत नाही, कड्यावरून पडण्यापासून वाचवत नाही, आणि अरुंद घळीत वरून बर्फाचा ढीग येत राहिला तर वर तरंगायला जागाच उरत नाही.

2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळ जे झालं, त्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'स्नो फॉल' नावाचा गाजलेला दीर्घलेख केला. एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीपटू एअरबॅगमुळे वाचली. त्याच दिवशी त्याच डोंगरावर तिघं गेले. मी तो लेख वाचला तेव्हा फुग्यापेक्षा दुसरीच गोष्ट मनात राहिली. त्या गटात डोंगराचे एकाहून एक जाणकार होते. अनेकांच्या मनात शंका होती. मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

नवऱ्याने बॅग घेतली. मी विरोध केला नाही. सरावाला पुन्हा जाऊ या, असं मी म्हणत राहिले आणि तो 'जाऊ ना' म्हणत राहिला. शनिवार आला की बर्फ चांगला असायचा, आणि चांगला बर्फ सरावात कोण घालवणार?

मग तो फेब्रुवारी आला. दावोसच्या एका बाजूच्या खोऱ्यात आम्ही चौघं चढत होतो. आम्ही दोघं, माझी एक स्विस सहकारी आणि तिचा भाऊ. दावोसमध्येच हिम आणि हिमस्खलनांवर संशोधन करणारी संस्था आहे, 'एसएलएफ'. ती हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता आणि सकाळी आठ वाजता धोक्याचं पत्रक काढते. एक ते पाच अशा पातळ्या. त्या दिवशी तीन होती. तीन हा फसवा आकडा आहे. पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, असं आपल्या शाळकरी डोक्याला वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाने सर्वाधिक माणसं जातात ती तीनच्या दिवशी. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला निघतात. आणि हे स्खलन आभाळातून येत नाही. बहुतेक वेळा सापडलेला माणूस किंवा त्याच्याच गटातलं कुणीतरी ते सुरू करतं.

चढताना एका सपाट जागी पायाखाली 'वुम्फ' असा आवाज झाला. घरातला जुना दिवाण बसताना दबतो तसा, पण मोठ्या जागेत. आतला कच्चा थर मोडल्याचा तो आवाज. शिक्षिकेने सांगितलेल्या खुणांमधली ही सगळ्यात स्पष्ट खूण. चौघांनीही तो ऐकला. चौघंही क्षणभर थांबलो. मग कुणीतरी पुढचं पाऊल टाकलं आणि रांग चालू लागली.

माथ्यावर पोहोचलो. खाली उत्तरेकडचा उतार, तीस अंशांहून नक्की जास्त, वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ पसरलेला. त्यावर दोन ताज्या रेघा. आमच्या आधी दोघंजण उतरून गेले होते. त्या रेघा पाहून सगळ्यांचे चेहरे सैल पडले. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या 715 अपघातांचा अभ्यास करून अशा फसव्या दिलाशांची यादीच केली आहे. ओळखीची जागा, ठरवलेलं पूर्ण करण्याची ओढ, गटात कुणीतरी जाणता आहे हा विश्वास, दुसऱ्यांच्या पाऊलखुणा. मी ती वाचलेली होती. तरी माझाही चेहरा सैल पडलाच असणार.

नवऱ्याने एअरबॅगची मूठ पट्ट्यातून बाहेर काढली. "मी आधी जातो. माझ्याकडे बॅग आहे."

त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. उलट ते आमच्या काळजीने होतं. आणि तेवढ्यानेच मला भीती वाटली. ती बॅग घरी असती तर तो पहिला गेला नसता. कदाचित कुणीच गेलं नसतं. हजार फ्रँकांची ती वस्तू त्याच्या पाठीवर बसून निर्णय घेत होती.

मी मराठीत म्हटलं, "तू जाशील. पण खाली गाडला गेलास तर खणायचं मला आहे. माझी एकवीस मिनिटं आहेत. मला तू एकवीस मिनिटांत सापडशील."

तो काही बोलला नाही. सहकारीने विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत पुन्हा सांगितलं. ते दुसऱ्यांदा सांगणं फार कठीण गेलं. आपल्या माणसाजवळ आपली नालायकी कबूल करणं वेगळं, आणि जे लोक चालायला लागल्यापासून स्कीवर आहेत त्यांच्यासमोर वेगळं. ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मला मघाचा तो आवाज मुळीच आवडला नव्हता." तिचा भाऊ म्हणाला, "मलाही."

आम्ही चढलो त्याच सौम्य वाटेने, रटाळपणे, खाली आलो. अर्ध्यात असताना मागून आलेले दोघं त्याच उतारावरून आनंदाने ओरडत उतरले. बर्फाची धूळ उन्हात चमकली. काहीही झालं नाही. उतार जागचा हलला नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. माझा निर्णय बरोबर होता, असा निकाल देणारं काहीही त्या दिवशी घडलं नाही आणि मला तो निकाल कधीच मिळणार नाही. डोंगर बहुतेक वेळा गप्प बसतो. चुकीचा निर्णय घेणाऱ्यालाही तो सुंदर दिवस देऊन घरी पाठवतो आणि तो माणूस त्यालाच अनुभव समजतो.

लांडक्वार्टला गाडी बदलेपर्यंत नवरा एक शब्द बोलला नाही. मोठ्या गाडीत बसल्यावर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "खरंच एकवीस?"

"खरंच. त्यातली सहा तुझी. चहाची."

तो हसला नाही. "मी किती घेतली होती, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. त्यालाच आठवत होतं. "सव्वीस," तो म्हणाला. "मी पण ते विसरायचा प्रयत्न करत होतो."

म्हणजे इतके दिवस तो मला वाचवू शकणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि मी त्याला वाचवू शकणार नाही हे मला. दोघांच्याही छातीवर यंत्रं इमानदारीत 'मी इथे आहे' म्हणत होती आणि आम्ही दोघंही ते न ऐकल्यासारखं करत होतो.

तेव्हापासून आमचे काही रविवार सरावाचे असतात. बर्फ असेल तर डोंगरात, नसेल तर घरामागच्या मैदानात. एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने चालू ट्रान्सीव्हर लपवायचा. पहिल्यांदा आम्ही तो स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात घातला आणि यंत्र वेडंवाकडं वागू लागलं. धातूत घालायचा नसतो, हे तेव्हा कळलं. आता श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. मैदानात मी हातातल्या यंत्राकडे बघत, कमानीतून वळत, वाकून गवत हुंगल्यासारखी फिरत असते. शेजारची मुलं मागे मागे येतात. एकदा आईचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने फोन दुरूनच माझ्याकडे धरला.

"अगं, काय हरवलंय?" आईने विचारलं.

"जावई," मी ओरडून सांगितलं. "सापडेल. तीन मिनिटं झालीत."

नवी उपकरणं येतच आहेत. 1990 च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ थॉमस क्रॉली यांनी एक नळी बनवली होती. तिच्यातून समोरच्या बर्फातली हवा आत घ्यायची आणि उच्छ्वास पाठीमागे सोडायचा. अडचण एकच, नळी वेळेवर तोंडात हवी. आता नॉर्वेत एक सॅक बनली आहे. तिच्यातला छोटा पंप मागच्या बर्फातली हवा ओढून चेहऱ्यासमोर सोडतो, तोंडात काही धरावं लागत नाही. म्हणजे खणणाऱ्याला थोडा जास्त वेळ मिळावा, एवढ्यासाठी सगळी खटपट. नवरा त्याचे व्हिडिओ बघतो आणि मला पाठवतो. परवडली तर घेऊही. एअरबॅगही तो अजून वापरतो, मीही एक जुनी विकत घेतली आहे. या वस्तूंशी माझं भांडण नाही.

मागच्या महिन्यात डोंगरात, मीटरभर खोल पुरलेली सॅक, आम्ही दोघांनी मिळून खणून नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर काढली. दहाच्या आत आम्ही आजवर दोनदाच आलो आहोत. आणि ती सॅक होती. माणूस असता तर हात किती थरथरले असते, ते कुठल्या सरावात कळत नाही. पुढच्या शनिवारी पत्रकात तीन आला, तेव्हा आम्ही लहान, कमी चढाचा, कंटाळवाणा डोंगर निवडला.

निघताना मी नेहमीप्रमाणे दारात उभी राहिले. त्याने सुस्कारा टाकला, चेन उघडली, कळ सरकवली. 'पीप'. मग तोही दारातच थांबला.

"आता तुझा दाखव," तो म्हणाला.

मी चेन उघडली. माझा बंद होता.